बंद पोर्ट आणि जागा नाकेदार

शाळेतलं नेट बंद पडलं की आपलं पहिलं बोट कंपनीकडे जातं. "टॉवर गेला", "रस्त्याच्या कामात केबल तुटली", "जंगलातली लाइन, असंच चालायचं." चंद्रपूर-गडचिरोलीत हे बऱ्याचदा खरंही असतं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो, तिथं केबलचं काय घेऊन बसलात! पण या दोन जिल्ह्यांतल्या शाळांच्या कॉम्प्युटर लॅब मी जवळून पाहिल्या आहेत, आणि माझं निरीक्षण वेगळं आहे. नेट बंद पडण्याचं कारण पुष्कळदा शाळेच्या आवाराबाहेर नसतंच. ते ऑफिसातल्या कपाटावर ठेवलेल्या, धुळीनं माखलेल्या एका डब्यात असतं. त्या डब्याला स्विच म्हणतात.

आज या डब्याविषयी आणि त्याला शहाणं करणाऱ्या एका नियमाविषयी लिहायचं आहे. नियमाचं नाव स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, थोडक्यात एसटीपी. तुम्ही म्हणाल, उर्दू-मराठी शिकवणारी बाई या भानगडीत कशाला? उत्तर सोपं आहे. आपल्याकडच्या लहान शाळांत कॉम्प्युटरचा वेगळा शिक्षक नसतो. ज्याला माहितीपुस्तिका वाचायचा कंटाळा नाही, त्याच्याकडे लॅबचा चार्ज येतो. आणि वाचायचा कंटाळा नसणारे बहुधा भाषेचेच शिक्षक निघतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शाळेसाठी स्विच घेताना तो वेळ पडल्यास स्वतःचं एखादं दार बंद करू शकतो का, हे विचारलं पाहिजे. आणि असं बंद दार दिसलं की त्याला बिघाड किंवा उधळपट्टी समजणं आपण थांबवलं पाहिजे.

आधी स्विच काय करतो ते पाहू. त्याला आठ, सोळा किंवा चोवीस भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं. प्रत्येक पोर्टात एक केबल, केबलच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर, प्रिंटर किंवा दुसरा स्विच. स्विच हा गावातल्या पोस्टमनसारखा आहे. कुणाचं घर कोणत्या गल्लीत, हे तो हळूहळू शिकतो आणि आपल्या वहीत टिपून ठेवतो. चिठ्ठी आली की वही पाहून त्याच गल्लीत पाठवतो. पण पत्ता वहीत नसेल, किंवा चिठ्ठीच सगळ्या गावासाठी असेल, तर तो दवंडी देतो. म्हणजे ज्या दारातून चिठ्ठी आली ते सोडून बाकी सगळ्या दारांतून तिची एकेक प्रत पाठवतो.

दवंडी वाईट नाही. नेटवर्क तिच्यावरच चालतं. नवा कॉम्प्युटर सुरू झाला की "मला पत्ता कोण देईल?" अशी दवंडीच तो देतो. गडबड होते ती दोन कोतवाल एकमेकांची दवंडी ऐकून ती पुन्हा देऊ लागले तर. पहिल्यानं दिली, दुसऱ्यानं ऐकली आणि पुढे दिली, ती फिरून पहिल्याच्या कानावर आली, त्यानं नवी समजून पुन्हा दिली. रात्र सरली तरी ढोल थांबत नाही.

स्विचच्या जगात नेमकं हेच घडतं. दोन स्विचमध्ये दोन केबल जोडल्या गेल्या, किंवा एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली गेली, की फेरा तयार होतो. मराठीत फेरा, उर्दूत गर्दिश, कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत लूप. इंटरनेटवर जाणाऱ्या पाकिटावर एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक मुक्कामाला तो एकानं कमी होतो आणि शून्यावर आला की पाकीट फेकून दिलं जातं. स्विचमधल्या चिठ्ठीवर, म्हणजे इथरनेटच्या फ्रेमवर, असा आकडाच नसतो. तिला म्हातारपण नाही. फेऱ्यात सापडली की ती फिरतच राहते. पाठोपाठ दुसरी दवंडी येते, तिसरी येते, भर पडत जाते आणि संपत एकही नाही. एक गिगाबिटच्या पोर्टातून लहानात लहान चिठ्ठ्या सेकंदाला १४ लाख ८८ हजारांच्या घरात जाऊ शकतात. म्हणजे हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. वर पोस्टमनची वहीही बिघडते, कारण एकाच माणसाची चिठ्ठी कधी डावीकडून येते, कधी उजवीकडून. हे घर नेमकं कोणत्या गल्लीत, हे त्याला ठरवता येत नाही.

जिल्ह्यातल्या एका शाळेत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची मुदत त्या दिवशी संपत होती. लॅबच्या दारात मुली, त्यांचे अब्बा, कुणाची आजी, सगळे कागद घेऊन उभे. सकाळी सगळं चालत होतं. अकराच्या सुमारास सगळेच कॉम्प्युटर एकदम थिजले. स्विचवरचे सगळे हिरवे दिवे एका ठेक्यात लपलपत होते. कंपनीला फोन झाला. तिकडून उत्तर आलं की लाइन चालू आहे, बिघाड तुमच्याकडे आहे. नागपूरच्या माणसाला फोन झाला, तो म्हणाला परवा येतो. अखेर एका तरुण सरांनी एकेक केबल उपसत नेली, आणि सातवी की आठवी केबल निघाल्याबरोबर सगळं पूर्ववत झालं. एक मोकळी केबल टेबलाखाली लोंबत होती. झाडलोट करताना कुणीतरी ती उचलून रिकाम्या भोकात बसवली होती. ज्यानं बसवली त्यानं नीटनेटकेपणाच केला होता, त्याला दोष कसा द्यायचा? माझा सवाल वेगळा आहे. एका लोंबत्या केबलनं सगळी शाळा बंद पडते, असा डबा आपण मुळात घेतोच का?

या दुखण्यावर औषध नाही असं नाही. ते ४० वर्षं जुनं आहे. रेडिया पर्लमन या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करत असताना त्यांनी ही पद्धत शोधली आणि १९८५ मध्ये शोधनिबंधातून मांडली. भाषेच्या शिक्षिकेला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्या निबंधात त्यांनी एक छोटी कविताही घातली. जॉइस किल्मर या अमेरिकी कवीच्या झाडावरच्या प्रसिद्ध कवितेच्या धर्तीवर ती बेतलेली आहे. पुढे १९९० मध्ये आयईईई या संस्थेनं ही पद्धत ८०२.१डी या नावानं मानक म्हणून स्वीकारली.

झाडच का? कारण झाडात फेरा नसतो. आपल्या जंगलातलं कुठलंही मोहाचं झाड घ्या. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे फांदीफांदीनं जायचं तर वाट एकच. उर्दू वाचणाऱ्यांना हे चटकन कळेल, कारण शजर म्हणजे झाड आणि शजरा म्हणजे वंशावळ. शजऱ्यात प्रत्येकाला मूळपुरुषापर्यंत एकच रस्ता असतो. स्पॅनिंग ट्री म्हणजे स्विचचा शजरा. सगळ्यांना सामावून घेणारा, पण कुठेही गोल न फिरणारा.

हा शजरा स्विच आपसात ठरवतात, बाहेरून कुणी येऊन काढून देत नाही. समजा शाळेत तीन स्विच आहेत: एक ऑफिसात, एक लॅबमध्ये, एक उर्दू विभागाच्या इमारतीत. तिघांना जोडणाऱ्या तीन केबल, म्हणजे त्रिकोण. दर दोन सेकंदांनी हजेरी होते. प्रत्येक स्विच शेजाऱ्याला सांगतो: माझा क्रमांक हा, माझ्या मते आपलं मूळ तो, आणि तिथवर जायला मला इतका खर्च येतो. ज्याचा क्रमांक सगळ्यांत लहान तो मूळ ठरतो. मग बाकीचे दोघे मुळाकडे जायची आपली स्वस्त वाट निवडतात. जुन्या मानकात १०० मेगाबिटच्या केबलचा खर्च १९ आणि गिगाबिटचा ४ धरलेला आहे, म्हणजे जितकी वेगवान केबल तितकी ती स्वस्त. ऑफिसातला स्विच मूळ झाला तर लॅब आणि उर्दू विभाग दोघेही थेट ऑफिसला जोडले जातात. उरली ती लॅब ते उर्दू विभाग ही तिसरी केबल. तिच्या दोन टोकांपैकी ज्या स्विचचा क्रमांक मोठा, तो आपल्या बाजूचा पोर्ट बंद करतो. त्रिकोणाची एक बाजू थांबते, फेरा मोडतो, आणि तिघांचं बोलणं मात्र चालूच राहतं. एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये असली तर त्याला स्वतःचीच हजेरी दुसऱ्या दारातून ऐकू येते. तो समजतो आणि दोनपैकी एक दार लावून घेतो. वर सांगितलेल्या शाळेतला स्विच असा असता तर मुदतीचा तो दिवस वाया गेला नसता.

आता मुद्द्याचं. हा बंद पोर्ट मेलेला नसतो. जंगलातला वन तपासणी नाका आठवा. आडकाठी पडलेली असते, गाड्या जात नाहीत, पण नाकेदार आत जागा असतो. कोण आलं, कोण गेलं, यावर त्याचं लक्ष असतं. बंद पोर्टही तसाच दर दोन सेकंदांची हजेरी ऐकत राहतो. उद्या ऑफिस ते उर्दू विभाग ही केबल उंदरांनी कुरतडली, तर हजेरी तुटते. मग तोच नाकेदार आडकाठी वर करतो आणि रहदारी तिसऱ्या केबलवरून सुरू होते. जुन्या पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागतात. २००१ मध्ये मानक झालेल्या नव्या, जलद पद्धतीत बहुतेक वेळा एक-दोन सेकंद पुरतात. कुणाला फोन करावा लागत नाही, परवा येणाऱ्या माणसाची वाट पाहावी लागत नाही.

आपल्या कार्यालयांची नजर मात्र डेडस्टॉक रजिस्टरची आहे. जे वापरात दिसत नाही ते वाया गेलेलं. केबलच्या एका टोकाला पिवळा दिवा दिसला की कुणीतरी म्हणतं, "ही खराब दिसते, काढून टाका." ऑडिटवाले विचारतात, "एकीनं भागतं तर दोन केबल कशाला?" त्यांना उत्तर हेच, की आपल्याकडे एकीनं भागतं ते फक्त उन्हाळ्यात. पावसाळ्यात छत गळतं, ओल धरते, वीज पडते, माकडं कौलांवरून केबल ओढतात. वैनगंगा फुगली की आष्टीचा रस्ता बंद होतो आणि आपण मुकाट्यानं दुसऱ्या वाटेनं जातो. ती दुसरी वाट उन्हाळ्यात ओस असते म्हणून ती मोडून टाका, असं कुणी म्हणत नाही.

याहून मोठा अपराध म्हणजे एसटीपी मुद्दाम बंद करणं. जुन्या पद्धतीत पोर्ट उघडण्याआधी १५ सेकंद ऐकतो आणि १५ सेकंद शिकतो. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर अर्धा मिनिट नेट नाही, म्हणून तक्रार होते. दुरुस्तीला आलेला घाईतला माणूस मग नियमच बंद करून जातो. सगळे खूश, नेट लगेच येतं! सहा महिन्यांनी कुणीतरी एक केबल खोचतं आणि शाळा अंधारात. वास्तविक इलाज साधा आहे. ज्या पोर्टाला फक्त कॉम्प्युटर जोडायचा आहे, त्याला तसं सांगून ठेवायचं, मग तो थांबत नाही. आणि त्याच पोर्टात कुणी चुकून स्विच जोडला तर लगेच बंद हो, हेही सांगून ठेवता येतं. सगळ्या गावाची दारं काढून टाकण्यापेक्षा एका दाराची कडी नीट बसवावी.

दुसरी हलगर्जी मूळ निवडण्यातली. कारखान्यातून येताना प्रत्येक स्विचचा प्राधान्य क्रमांक ३२७६८ असाच असतो. सगळे सारखे, मग निवड त्यांच्या जन्मजात पत्त्यावर होते, आणि ज्याचा पत्ता लहान तो मूळ. अनेकदा तो कोपऱ्यात पडलेला, सगळ्यांत जुना, सगळ्यांत मंद डबा निघतो. सगळ्या शाळेची रहदारी त्याच्यातून जाते आणि आपण म्हणतो नेट स्लो आहे. ऑफिसातल्या चांगल्या स्विचचा क्रमांक ४०९६ करून ठेवला की प्रश्न मिटतो. पाच मिनिटांचं काम आहे. घरात वडीलधारा कोण, हे नशिबावर सोडू नये.

हा नियमही सर्वशक्तिमान नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. बोस्टनमधल्या बेथ इस्रायल डिकनेस या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क नोव्हेंबर २००२ मध्ये कोसळलं आणि चार दिवस तिथल्या डॉक्टर-परिचारिकांना कागद-पेनावर काम करावं लागलं. स्विचपुढे स्विच जोडत ते जाळं एसटीपीला झेपेल त्यापेक्षा लांब झालं होतं. या पद्धतीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण सात स्विच धरलेले असतात. तिथले माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलामका यांनी ही गोष्ट लपवली नाही, इतरांनी शिकावं म्हणून जाहीरपणे मांडली. आपल्या शाळांचं जाळंही असंच वाढतं. एक खोली वाढली की आठ पोर्टांचा एक स्वस्त डबा. नकाशा कुणाकडेच नसतो. आणि हे स्वस्त डबे कधी कधी हजेरीच्या चिठ्ठ्या पुढे न पाठवता गिळून टाकतात. मग शहाणा स्विचही आंधळा होतो.

एक आक्षेप जाणकार घेतील. बंद केबलची क्षमता वाया जाते, म्हणून मोठ्या डेटा सेंटरांत आता वेगळ्या पद्धती वापरतात. खरं आहे. पण आपली अडचण ती नाही. शाळेच्या आतल्या केबलची क्षमता बाहेरून येणाऱ्या लाइनच्या कितीतरी पट असते. आपल्याला वेग कमी पडत नाही, भरवसा कमी पडतो.

भरवशाचा हाच विचार आता सरकारी पातळीवरही आला आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटच्या सुधारित योजनेला केंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्यात एका सरळ रेषेऐवजी रिंग, म्हणजे कडं, टाकण्यावर भर आहे. सरळ रेषेत एक जागा तुटली की पुढची सगळी गावं जातात, कड्यात दुसऱ्या बाजूनं वाट मिळते. एटापल्ली-सिरोंच्यासारख्या तालुक्यांना याची गरज कुणाला समजावून सांगायला नको. तिथली यंत्रं वेगळी, नियमही वेगळे. पण कोडं तेच आहे: कडं हवं, पण फेरा नको. इथरनेटच्या कड्यांसाठीही जो मान्य नियम आहे, त्यात एक दुवा मुद्दाम बंद ठेवतात आणि वेळ आली की उघडतात. बाहेरची लाइन अशी सुधारत असताना शाळेच्या आतच फेरा लागत असेल, तर तो कोट्यवधींचा फायबर आपल्या दारात येऊन फुकट जाणार.

आज शिक्षकांचे पगार शालार्थवरून, विद्यार्थ्यांची नोंद यू-डायसवरून, शिष्यवृत्ती ऑनलाइन. नेट ही लॅबची चैन राहिलेली नाही. शहरातल्या मुलाचं नेट गेलं तर तो गल्लीच्या टोकावरच्या सायबर कॅफेत जातो. सिरोंच्याच्या मुलीसाठी नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. बिघाड तोच असला तरी त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. म्हणून चांगला स्विच पहिल्यांदा लागतो तो दूरच्या शाळेला, आणि आपल्याकडे तो पोहोचतो सगळ्यांत शेवटी.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत, कोटेशन मागवताना, एवढं करा. शाळेच्या मधोमध बसणारा एक तरी स्विच मॅनेज्ड घ्या आणि त्यात जलद स्पॅनिंग ट्री आहे, हे लिहून घ्या. तो साध्या डब्यापेक्षा महाग पडेल, पण तो एकच लागतो. बसवणाऱ्याकडून तोच मूळ करून घ्या आणि नियम चालू असल्याचं पडद्यावर पाहिल्याशिवाय बिलावर सही करू नका. कोणती केबल कुठून कुठे जाते, याचा हातानं काढलेला नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणि जो पोर्ट बंद दिसेल त्याच्यावर मराठीत आणि उर्दूत एक चिठ्ठी लावा: हा चालू आहे, काढू नये.